स्टोअरमधली लाल गोलांची वही: तंत्रज्ञानावरचा अहवाल वाचावासा वाटेल असा कसा लिहायचा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी केस स्टडी लिहायला गेले होते. काम सरळ दिसत होतं. सुट्या भागांच्या स्टोअरसाठी तिथे बारकोडचं सॉफ्टवेअर बसवलं होतं आणि ते बसवणाऱ्या कंपनीला त्यावर चार पानांचा मजकूर हवा होता. मालकांनी केबिनमध्ये बसवून चहा दिला आणि सांगितलं, "आता सगळं एका क्लिकवर आहे." मी ते टिपून घेतलं आणि स्टोअर बघायला गेले.

स्टोअर सांभाळणारे काका निवृत्तीला आलेले. कॉम्प्युटरच्या बाजूला कीबोर्डला टेकून एक लांबट, कापडी पाठीची वही ठेवलेली होती. नोंदी निळ्या शाईत आणि मधेमधे काही ओळींभोवती लाल गोल. मी विचारलं, "काका, सॉफ्टवेअर आलंय ना, मग वही कशाला?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, कॉम्प्युटर म्हणते सहा बेअरिंग हायेत, अन् रॅकवर जाऊन पाहतो तं डब्बा खाली. मंग मशीन उभी रायते. जेव्हा जेव्हा असं झालं, तेव्हा तेव्हा लाल गोल करून ठेवला."

मला जे लिहायचं होतं ते त्या वहीत होतं. केबिनमधल्या वाक्यावर मी चार पानं भरली असती तर ती कोणी वाचली नसती, आणि कोणी वाचली असती तरी त्याच्या उपयोगाची नसती. तंत्रज्ञानावरचे व्यावसायिक अहवाल कंटाळवाणे का होतात, असं मला नेहमी विचारतात. लेखक केबिनमध्येच थांबतो म्हणून, हे माझं उत्तर आहे.

आधी हे काय असतं ते बघू

माहितीपत्रक, अहवाल आणि केस स्टडी या तिन्हींची सरमिसळ होते, आणि बरीचशी गडबड तिथूनच सुरू होते. माहितीपत्रकाला वस्तू विकायची असते. अहवाल वाचणाऱ्याला काहीतरी ठरवायचं असतं: पैसे मंजूर करायचे का, काम पुढे न्यायचं की थांबवायचं, दुसरा पुरवठादार बघायचा का. केस स्टडी ही एका ठिकाणी, एका अडचणीवर, कोणीतरी घेतलेल्या एका निर्णयाची हकीकत असते. तिचा वाचक बहुतेक वेळा त्या कंपनीबाहेरचा असतो. वाचताना त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो: "माझ्याकडे हे चालेल का?"

शिकवण्यासाठी केस वापरायची पद्धत रुजवली ती हार्वर्ड बिझनेस स्कूलने. ही संस्था १९०८ मध्ये सुरू झाली आणि तिथली पहिली लिखित केस १९२१ ची. एका बूट कंपनीवरची ती केस जेमतेम एका पानाची होती. आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएमने १९६१ पासून हार्वर्डच्याच सहकार्याने हा रस्ता धरला. आज मिहानमधल्या आयआयएम नागपूरची मुलंही केस वाचूनच व्यवस्थापन शिकतात. ती पहिली केस एका पानाची होती हे मी मुद्दाम सांगतेय, कारण "निदान वीस पानं तरी हवीत" असं सांगणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

एम्प्रेस मिलची गोष्ट

नागपुरातच तंत्रज्ञानाची एक अस्सल केस घडून गेलेली आहे. जुम्मा तलावाजवळ, म्हणजे गांधीसागराजवळ, आज जिथे एम्प्रेस सिटी उभी आहे, तिथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ ला ती सुरू झाली. गिरणी मुंबईऐवजी इथे का काढली, याचं कारण व्यवहारी होतं: कापूस पिकतो तो भाग जवळ आणि रेल्वेही दाराशी.

आता हीच गोष्ट दोन तऱ्हांनी लिहून बघा. पहिली तऱ्हा: "अत्याधुनिक यंत्रसामग्रीचा अवलंब करून गिरणीने उत्पादनात भरीव वाढ साधली." दुसरी तऱ्हा: सुरुवातीला घेतलेली यंत्रं हलक्या प्रतीची निघाली, माल मनासारखा होईना, ती बदलावी लागली. पुढे रिंग स्पिंडल नावाचं सूत कातायचं नवं तंत्र जमशेटजींच्या नजरेस आलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा म्यूल नावाच्या जुन्या सूतकताई यंत्रांवरच विसंबून होत्या आणि या नव्या चात्यांकडे संशयाने बघत होत्या. जमशेटजींनी सगळी गिरणी एकदम बदलली नाही. आधी थोडी यंत्रं लावून नागपुरात चालवून पाहिली, सूत पाहिलं, उत्पादन पाहिलं आणि पटल्यावर पुढे गेले.

दुसऱ्या तऱ्हेत अडचण आहे, पैसे घालवून झालेली चूक आहे, जाणकारांचा विरोध आहे आणि छोट्या प्रमाणावर केलेली चाचणी आहे. दीडशे वर्षांपूर्वीची गिरणी असूनही आज बुटीबोरीत नवं यंत्र घ्यावं का या विचारात असलेल्या माणसाला ती उपयोगी पडते. पहिल्या तऱ्हेतून त्याच्या हाती काही लागत नाही.

म्हणून सुरुवात कंपनीच्या स्थापनेपासून करू नये. संचालकांचा परिचय, पुरस्कार, "ग्राहकसेवेची पंचवीस वर्षं" हे सगळं शेवटी एका चौकटीत टाकता येतं. सुरुवात अशा क्षणापासून करावी जिथे काम अडलं. माझ्या वर्कशॉपच्या केसचं पहिलं वाक्य शेवटी असं झालं: "रात्रपाळीत मशीन बंद पडलं तेव्हा कॉम्प्युटरवर सहा बेअरिंग दिसत होती, रॅकवर एकही नव्हतं." व्यवस्थापनाला द्यायच्या अहवालात मात्र एक गोष्ट याच्याही वर येते: निष्कर्ष. काय करावं असं तुमचं मत आहे, किती खर्च येईल आणि न केल्यास काय होईल, हे पहिल्या चार ओळींत. साहेब लोक अहवाल गाडीत, दोन बैठकींच्या मधे वाचतात. त्यांना अकराव्या पानापर्यंत ताटकळत ठेवू नये.

यंत्रणा समजावताना

इथे सर्वांत जास्त कष्ट घ्यावे लागतात आणि इथेच लोक हात आखडता घेतात. "प्रगत बारकोड तंत्रज्ञानावर आधारित प्रणाली" असं लिहिलं की वाचणाऱ्याला काही कळत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही ते समजून घ्यावं लागत नाही.

बारकोड म्हणजे काय? त्या काळ्या रेघांमध्ये वस्तूचं नाव नसतं, किंमत नसते, किती नग शिल्लक आहेत तेही नसतं. दुकानातल्या पुड्यावर असतो तशा साध्या बारकोडमध्ये फक्त एक क्रमांक असतो. स्कॅनर तो क्रमांक वाचतो आणि बाकीची माहिती कॉम्प्युटरमधल्या यादीतून येते. १९७४ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंग गमचा एक पुडा पहिल्यांदा असा स्कॅन झाला, तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पना तीच आहे. म्हणजे स्कॅन केल्याशिवाय त्या यादीला जगात काय चाललंय ते कळतच नाही.

एवढं समजलं की वर्कशॉपमधलं कोडं आपोआप सुटायला लागतं. लेबल चिकटवलं होतं खोक्यावर. कामगार मात्र खोक्यातून एक-एक बेअरिंग सुटं नेत होते. खोकं रिकामं होईपर्यंत कोणी स्कॅन करत नव्हतं. शिवाय रात्रपाळीला स्कॅनर ऑफिसात कुलपात असायचा. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघाड नव्हता, त्याच्यापर्यंत खबरच पोचत नव्हती. पुढे सुट्या भागांच्या लहान पुड्या करून प्रत्येक पुडीला वेगळं लेबल लावलं, स्कॅनर स्टोअरच्या खिडकीला साखळीने बांधला, आणि काकांचे लाल गोल कमी व्हायला लागले. केस स्टडीचा गाभा हा होता. यातला एक शब्दही माहितीपत्रकात नव्हता.

उपमा वापरायला हरकत नाही, पण ती वाचकाच्या ओळखीची हवी. दोन सॉफ्टवेअरना जोडणारा एपीआय हा प्रकार मला एकदा संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी लिहिताना समजावायचा होता. मी नागपूरच्या कळमना मार्केटचं उदाहरण घेतलं. शेतकरी माल घेऊन प्रत्येक व्यापाऱ्याच्या दारी जात नाही. तो अडत्याकडे माल उतरवतो. माल कसा आणायचा, लिलाव कधी, हिशेबाची पट्टी कशी मिळणार, हे सगळं ठरलेलं असतं. एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरच्या मधली अशीच ठरलेली जागा. ठरलेल्या पद्धतीने मागितलं की ठरलेल्या पद्धतीने मिळतं, पलीकडे आत काय चाललंय ते कळायची गरज पडत नाही.

उपमा जिथे लंगडी पडते ती जागाही तिथल्या तिथे सांगावी. अडत्या ओळखीवर चालवून घेतो, थोडं पुढेमागे करतो. एपीआय अजिबात करत नाही. मागणीत एक अक्षर चुकलं की विनंती सरळ परत येते. खरं तर त्या प्रकल्पाचा निम्मा वेळ अशा परत आलेल्या विनंत्या निस्तरण्यात गेला होता. उपमेचं लंगडेपण सांगितलं म्हणून ती अडचण वाचकाला पटकन कळली.

आकडे

टक्केवारी एकटी लिहू नये. "तक्रारी ५० टक्क्यांनी घटल्या" म्हणजे समजा चारच्या दोन झाल्या, की चारशेच्या दोनशे? दोन्ही ठिकाणी ५० टक्केच, पण एका ठिकाणी योगायोग असू शकतो. मूळ आकडा, नंतरचा आकडा आणि कालावधी, असं तिघांनी सोबत यावं.

दुसरी चूक जास्त फसवी असते. समजा नाकारल्या गेलेल्या मालाचं प्रमाण ८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. विक्री विभाग लिहील "२५ टक्के घट", आणि ते खरं आहे. हिशेबनीस लिहील "दोन टक्केबिंदूंची घट", तेही खरं आहे. वाचकाला दोन्ही आकडे मूळ संख्येसह दिसले तर तो बरोबर अर्थ काढतो.

आणि नागपुरात राहणाऱ्याने ऋतू विसरू नये. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मशीन तापतात, मोटारी बसतात, वीजपुरवठ्यावर ताण येतो. जूनच्या मध्यावर पाऊस आला की यातलं बरंच आपोआप निवळतं. नवं सॉफ्टवेअर जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलं आणि मे-जुलैची तुलना केली, तर पावसाचं श्रेय सॉफ्टवेअरला जाईल. तुलना गेल्या वर्षीच्या जुलैशी करावी. त्याच काळात नवा फोरमन आला, ऑर्डर घटल्या, दुसरी पाळी बंद झाली, असं काही घडलं असेल तर तेही लिहावं. "आधीचा" आकडा मिळवणं हे सर्वांत अवघड काम असतं, कारण अडचण चालू असताना ती कोणी मोजत बसत नाही. म्हणून काकांच्या त्या लाल गोलांचं मला इतकं अप्रूप. मालकांकडे, सॉफ्टवेअर कंपनीकडे, कोणाकडेच तो हिशेब नव्हता.

आलेखाबद्दल एवढंच: खांबांच्या आलेखाची पट्टी शून्यापासून सुरू व्हावी. नव्वदपासून सुरू केली की ९२ आणि ९६ यांत दुपटीहून जास्त फरक दिसतो.

एका स्लाइडची किंमत

"छान लिहिलं काय, साधं लिहिलं काय, माहिती तर दिली ना?" असं म्हणणाऱ्यांना मी कोलंबिया यानाची हकीकत सांगते. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया अंतराळात झेपावलं. उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज बांधला आणि स्लाइडच्या रूपात नासाच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला.

पुढे चौकशी मंडळाने त्यातली एक स्लाइड आपल्या अहवालात छापून तिची चिरफाड केली. स्लाइडच्या मथळ्यातून असा अर्थ निघत होता की आधीच्या चाचण्या बघता आपला अंदाज सावध बाजूचाच आहे, म्हणजे काळजीचं फारसं कारण नाही. मजकुरात "लक्षणीय" अशा अर्थाचा मोघम शब्द पाच वेळा आला होता आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात होती: आदळलेल्या तुकड्याचा अंदाजे आकार १९२० घन इंच, आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर सगळा दिलासा दिला होता त्यांतला तुकडा ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. मंडळाने नोंदवलं की ही स्लाइड वाचून इथे जिवावरचा प्रश्न आहे हे एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लक्षात न येणं सहज शक्य होतं.

१ फेब्रुवारीला परत येताना, उतरायला सुमारे १६ मिनिटं उरली असताना, कोलंबिया आकाशातच तुटलं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले.

अपघाताचं कारण फोम होता. एका स्लाइडने यान पाडलं असं मी म्हणत नाही, आणि ती नीट लिहिली असती तर सातही जण वाचले असते असंही कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण माहिती कागदावर होती आणि तरी पोचली नाही, ही गोष्ट मला झोपू देत नाही. मथळ्यात "आपली चाचणी या तुकड्यापेक्षा ६४० पट लहान तुकड्याची आहे" एवढं आलं असतं तर तो कागद वेगळ्याच नजरेने वाचला गेला असता. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, अॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीतून स्लाइड काढूनच टाकल्या आणि सलग वाक्यांत लिहिलेलं टिपण आणायला सांगितलं. सलग वाक्य लिहिताना "म्हणून", "तरीही", "कारण" लिहावं लागतं, आणि ते लिहायचं तर दोन गोष्टींचा संबंध आधी स्वतःला कळावा लागतो. ठिपक्यांच्या यादीत तो चुकवता येतो.

जमलं नाही ते

वर्कशॉपच्या केसमध्ये मी एक परिच्छेद लेबलांवर लिहिला होता. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या वरच्या रॅकवरची लेबलं गोंद सुटून कुरळी झाली, स्कॅनर ती वाचेना, आणि मे महिन्यात काकांना पुन्हा हाताने नोंदी कराव्या लागल्या. लेबलांचा कागद बदलल्यावर ते थांबलं. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने हा परिच्छेद काढायला सांगितला, "यानं वाईट दिसतं" म्हणून. मी अडून राहिले. विदर्भातला कोणताही कारखानदार लेबल उन्हात टिकतं का हे विचारणारच, आणि आपण ते आधीच सांगितलं तर बाकीच्या तीन पानांवरही त्याचा विश्वास बसेल, असं म्हणून मी तो राखला.

लपवायचं ते वेगळं असतं. ग्राहकाचं नाव, दर, कामगारांची वैयक्तिक माहिती यांना लेखी परवानगीशिवाय हात लावू नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. आणि कोणाच्याही तोंडी न बोललेलं वाक्य घालू नये. "या प्रणालीमुळे आमची कार्यक्षमता वृद्धिंगत झाली" असं नागपुरात कोणी बोलत नाही, आणि अवतरणचिन्हांत असं वाक्य दिसलं की ते कोणी लिहिलं हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

"करण्यात आले"चा रोग

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी हे खास. सरकारी पत्रव्यवहारातून आपण एक सवय उचलली आहे: प्रणाली कार्यान्वित करण्यात आली, प्रशिक्षण देण्यात आले, त्रुटी दूर करण्यात आल्या. कोणी केलं? या रचनेत माणूस नाहीसा होतो, आणि केस स्टडी तर माणसांच्या निर्णयांची गोष्ट असते. "प्रशिक्षण देण्यात आले" ऐवजी "दोन पाळ्यांच्या कामगारांना फोरमनने शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर शिकवलं" असं लिहिलं की चित्र उभं राहतं. पुढचा कारखानदारही हिशेब करतो, माझ्याकडे शनिवार मोकळा आहे का?

शब्दही दुकानातलेच घ्यावेत. स्टोअरमध्ये स्टॉक, बारकोड, रॅक, चलान म्हणतात. तिथे "साठा व्यवस्थापन संगणकीय आज्ञावली" लिहिली तर स्टोअरमधल्याच माणसाला ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल वाटेल. उलट टोकाला जाऊन इंग्रजी माहितीपत्रकातले शब्द देवनागरीत ओतणं हेही तितकंच परकं.

मजकूर झाला की मी तो आधी ज्याच्याबद्दल लिहिलाय त्याला वाचून दाखवते, साहेबांना नंतर. काकांनी ती चार पानं डोळे मिटून ऐकली. पुड्यांच्या परिच्छेदापाशी त्यांनी हात वर केला.

"हे असं नाही झालं ताई. पुड्या करायचं साहेबांनी नाही सांगितलं. रात्रपाळीचा पोरगा हाये ना, हेल्पर, त्यानं आपल्या मनानंच प्लास्टिकच्या पिशव्यांत पाच-पाच नग बांधून ठेवले होते. ते पाहून मंग साहेब म्हणाले, यालाच लेबल लावा."

मी मालकांना फोन करून विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, हो, तसंच झालं होतं. तो परिच्छेद मी पुन्हा लिहिला आणि त्यात रात्रपाळीचा हेल्पर आला.